चैत्रातली गच्ची: शनिवारच्या कुरडया, रविवारचा पडदा

सचिव, ए-३०१: नमस्कार. पाडवा झाला, आता अक्षय तृतीयेपर्यंत गच्चीची किल्ली कुणाकडे आणि कधी, हे एकदाच ठरवून टाकू. या शनिवारी सकाळी बी विंगमधल्या चार घरांच्या कुरडया आहेत आणि त्याच संध्याकाळी सी विंगच्या मुलांनी पडदा लावून सिनेमा ठेवलाय. दोन्ही व्हायला हवं. कुणाची नेमकी काय अडचण आहे ते लिहा.

बी-४०२ काकू: अडचण एकच. कुरडया पहिल्या संध्याकाळी हलवता येत नाहीत. वरून कोरड्या दिसतात, पण खालून ओल्या असतात आणि प्लास्टिकला धरून बसतात. ओढल्या की तुटतात, निम्म्याचा चुरा होतो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कडा आपोआप सुटतात, मग परातीत भरून घरात नेता येतात. म्हणून शनिवारी रात्री तिथे खुर्च्या आणि मुलांचे पाय नकोत. रविवारी चारनंतर गच्ची मोकळी. शनिवार पुढे ढकलता येणार नाही, गहू मंगळवारी सकाळीच भिजत पडलेत.

ए-२०२: काकू, प्लायवूडवर घातल्या तर अख्खा प्लाय उचलता येईल ना?

बी-४०२ काकू: एका घराच्या असतील तर जरूर. चार घरांना आठ प्लाय लागतील, ते जिन्यातून वळत नाहीत.

बी-२०३ वहिनी: काकू, गहू भिजवलेत, पण पुढचं सगळं प्रमाणासकट लिहाल का? बाकीच्या दोन घरीही पहिलीच वेळ आहे.

बी-४०२ काकू: लिहिते. पाणी रोज सकाळ-संध्याकाळ बदला. या उन्हात एकदाच बदललं तर गहू आंबूस होतो आणि कुरडई तांबूस निघते. शुक्रवारी सकाळी, तीन रात्री झाल्यावर, एक दाणा बोटांत दाबून बघा. पांढरं दूध सुटून हातात नुसती साल राहिली की गहू वाटायला तयार. दाणा मधे टणक लागला तर संध्याकाळपर्यंत थांबा.

मिक्सरला भरपूर पाणी घालून थांबत थांबत वाटा. सलग फिरवलं की साल बारीक होऊन चिकात, म्हणजे गव्हाच्या त्या पांढऱ्या दुधात, उतरते, मग कुरडईवर तपकिरी ठिपके दिसतात. आधी चाळणीतून गाळा, मग पंच्यातून. चोथ्यावर पुन्हा पाणी घालून दोनदा तरी पिळा, बराच चीक त्यात अडकलेला असतो. सगळं उंच पातेल्यात झाकून रात्रभर ठेवा आणि पातेलं अजिबात हलवू नका. शनिवारी पहाटे वरचं पिवळसर पाणी अलगद ओतून टाका, तळाचा घट्ट पांढरा थर उघडा पडेपर्यंत. पाणी राहिलं तर प्रमाण चुकतं आणि आंबटपणाही राहतो.

आता शिजवणं. घट्ट चीक ढवळून वाटीने मोजा. जितक्या वाट्या चीक तितक्याच वाट्या पाणी. ४ वाट्यांना १ चमचा मीठ, पाव चमचा हिंग, १ चमचा तेल. मीठ जपून घाला, वाळल्यावर खारटपणा वाढतो. पाण्याला खळखळून उकळी आली की गॅस बारीक करून एकीने चीक धार धरून सोडायचा आणि दुसरीने लाकडी दांड्याने तळापासून हलवत राहायचं. एकटीने करायला गेलं तर गुठळ्या ठरलेल्या. मग झाकण ठेवून वाफा काढा, मधेमधे हलवा. रंग दुधी आहे तोवर चीक कच्चा. आरपार दिसायला लागला, चमक आली, आणि ओलं बोट टेकवल्यावर बोटाला लागला नाही की उतरवा.

सोऱ्याला शेवेची चकती, आतून तेलाचा हात. पातेलं गरम पाण्याच्या परातीत ठेवूनच वर न्या. चीक निवला की चकतीतून उतरत नाही. पहाटे पाचला शिजवायला घेतलं तर आठपर्यंत घालून होतात आणि पूर्ण दिवसाचं ऊन मिळतं. प्लास्टिक जाड घ्या, कडांना विटा.

ए-५०३ आजी: सगळं बरोबर. बिघडतं कुठे तेवढं सांगते. सोऱ्यातून धार तुटत असेल तर चीक शिजलेला नाही, परत पातेल्यात घालून दोन वाफा द्या, वाया जात नाही. घातल्यावर तारा एकमेकींत मिसळून पसरट चकती होत असेल तर पाणी जास्त झालंय, आणखी थोडं आटवा. तळल्यावर मधला भाग टणक राहिला तर वाळल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी सुटल्या की उलट्या करून तिसरं ऊन द्यायचंच, मोडल्यावर कट्ट आवाज आला पाहिजे. आणि मुलांसाठी वाटीभर गरम चीक बाजूला काढा, वर तूप आणि साखर. ते खायला मिळालं नाही तर कुरडया घातल्याचं काय सुख!

सचिव, ए-३०१: वॉचमनला सांगतो, गच्ची शुक्रवारी झाडून पुसून घेईल. शनिवारी वर झाडू नको, धूळ बसते. टाकीचा ओव्हरफ्लो पूर्वेच्या कोपऱ्यात पडतो, म्हणून कुरडया पश्चिमेला घाला. शनिवार-रविवार टाकी भरेपर्यंत वॉचमन पंपाजवळच थांबेल. दुपारी ढग आले तर?

बी-४०२ काकू: खुर्च्यांच्या पाठीवर दुसरं प्लास्टिक ताणून बांधायचं. ते कुरडयांना टेकलं की आत वाफ धरते आणि बुरशी येते. कबुतरांसाठी दोरीवर जुनी ओढणी पुरते.

सी-१०४ दादा: काकू, पटलं. सिनेमा रविवारी घेतो. आता पडद्याचं.

लिफ्टच्या खोलीची भिंत घेऊ. १२० इंची १६:९ चित्र म्हणजे २६६ सेंमी रुंद आणि १४९ सेंमी उंच. खालची कड जमिनीपासून ९० सेंमीवर ठेवली की पुढच्यांची डोकी मधे येत नाहीत. आपला प्रोजेक्टर रुंदीच्या १.२ पट अंतर मागतो, म्हणजे भिंतीपासून ३.२ मीटर. भिंतीला काटकोनात आणि स्टुलावर उंच ठेवायचा. तिरका ठेवून मेनूमधून चित्र सरळ केलं की चित्राचा रेखीवपणा जातो.

पडद्याला चादर नको, प्रकाश आरपार जातो. पडद्यांना मागून लावतात ते पांढरं ब्लॅकआउट कापड चांगलं. खालच्या नेफ्यात पीव्हीसी पाइप घालून दोन्ही टोकं बांधायची, नाहीतर वाऱ्याने पडदा फुगतो आणि चित्र मधेच धूसर होतं.

उजेडाचा हिशोब असा. प्रोजेक्टर ३०० अन्सी लुमेनचा (अन्सी म्हणजे ठरलेल्या प्रमाण पद्धतीने मोजलेला प्रकाश). पडदा साधारण ४ चौरस मीटर, म्हणजे दर चौरस मीटरला ७५ लुमेन, यालाच ७५ लक्स म्हणतात. खोक्यावर हजारांत छापलेला लुमेनचा आकडा धरू नका, अन्सी आकडाच खरा. पौर्णिमेचा चंद्र पाव लक्सच्या आसपास, त्याची काळजी नको. गच्चीवरचा हॅलोजन मात्र पडद्यावर सहज ५-१० लक्स टाकतो आणि काळा रंग राखाडी होतो. तो बंद हवा, जिन्यातला दिवा चालू राहू दे. सूर्यास्त सध्या पावणेसातच्या सुमारास, साडेसातला पुरेसा अंधार होतो.

ए-२०२: साडेसातला आयपीएलची मॅच सुरू होते. तीच लावली तर गर्दी जास्त होईल.

सी-१०४ दादा: दोन कारणांनी नको. मॅच अकराच्या आसपास संपते आणि लाऊडस्पीकरला रात्री १० ते सकाळी ६ बंदी आहे, नियम २००० सालापासूनचा. दुसरं, मोबाइलवरची स्ट्रीमिंग टीव्हीच्या बरीच मागे चालते. खालच्या मजल्यावर ओरडा होतो, मग आपल्याकडे चेंडू पडतो. शेवटच्या षटकात त्याने सगळी मजा जाते. मॅचचा प्रोजेक्टर लावायचाच असेल तर सेट-टॉप बॉक्स एचडीएमआयने जोडायचा, पण तो प्रश्न हॉलमधला, गच्चीवरचा नाही.

सी-३०२ ताई: सिनेमा कोणता? ओटीटीचं खातं घरच्यांपुरतं असतं, शंभर जणांना दाखवायला नाही. शिवाय फोनचा स्क्रीन जसाच्या तसा प्रोजेक्टरवर पाठवला (मिररिंग) की बऱ्याच ॲपचं चित्र काळं पडतं आणि नुसता आवाज येतो, कारण ते ॲप कॉपी रोखण्यासाठी चित्र अडवतं. ऐनवेळी केबल बदलून काही होत नाही.

सी-१०४ दादा: बरोबर. आपल्याकडे चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. म्हणून १९३६ चा प्रभातचा ‘संत तुकाराम’ घेतोय. दामले-फत्तेलाल यांचा, १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवलेला. प्रभातचा पुण्यातला स्टुडिओ म्हणजे आज लॉ कॉलेज रोडवर फिल्म इन्स्टिट्यूट आहे तीच जागा. मुलांना ती बाहेरून ठाऊक आहे, तिथे तयार झालेलं काम बघायला मिळेल. लांबी साधारण १३० मिनिटं. साडेसातला वेळेत सुरू केलं तर पावणेदहापर्यंत आटोपतं.

चित्र ४:३ आहे, म्हणजे १४९ सेंमी उंचीत १९९ सेंमी रुंद. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतील. कुणीही रिमोटने ताणून पडदा भरू नका, माणसं बुटकी दिसतात.

बी-१०१: मुलीची वार्षिक परीक्षा सोमवारी आहे. आवाजाचं बघा.

सी-१०४ दादा: एक मोठा स्पीकर पडद्यापाशी ठेवला की मागच्यांसाठी तो चढवावा लागतो आणि आवाज बाहेर जातो. त्याऐवजी दोन लहान स्पीकर प्रेक्षकांच्या दोन्ही बाजूंना, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, तोंड आत करून. जुन्या ध्वनिफितीत बोलणं दबलेलं असतं, म्हणून बास कमी आणि ट्रेबल थोडा वर. ओव्या-अभंग स्पष्ट ऐकू आले पाहिजेत, धमाका नकोच आहे. तुमच्या खिडकीशी मी साडेसातला येऊन ऐकतो, जड वाटलं तर सांगा.

ब्लूटूथ वापरणार नाही. आवाज ओठांच्या मागे पडतो आणि गाण्यात ते लगेच खटकतं. १० मीटरची ऑडिओ वायर टाकतो, विजेच्या वायरपासून हातभर लांब. शेजारून नेली की घूं आवाज येतो. विजेची वायर १.५ चौरस मिलिमीटरची, जिन्यातल्या प्लगपासून भिंतीच्या कडेने.

ए-४०४ काका: फरशी संध्याकाळी तापलेली असते, त्यावर पाणी मारू का? टँकरचं नको, आरओचं वाया जाणारं पाणी साठवून ठेवतो.

सी-१०४ दादा: काका, सहाच्या आत मारा आणि पश्चिमेच्या बाजूलाच. लिफ्टच्या खोलीकडे वायर आहे, तिथे एक थेंबही नको.

बी-२०३ वहिनी: पन्हं आमच्याकडे. ४० पेले, २०० मिलीचे, म्हणजे ८ लिटर. सव्वा किलो कैऱ्या उकडून गर निघतो त्याच्या दीडपट गूळ, वेलदोडा, चिमूटभर मीठ. हे दाट सार स्टीलच्या डब्यात फ्रिजमध्ये, अ‍ॅल्युमिनियममध्ये नको. वर आल्यावर एकास चार गार पाणी. चैत्रगौरीची डाळ चालेल का?

ए-५०३ आजी: चालेल, पण वाटायची सहा वाजता. हरभऱ्याची डाळ दुपारी एकला भिजत घाल, भरड वाट, किसलेली कैरी घाल आणि फोडणी पूर्ण गार करून वरून ओत. दुपारीच कालवून ठेवलीस तर रात्री आंबते. पापड-कुरडई तळायची असेल तर घरात तळून डब्यात आण, गच्चीवर गॅस नको.

सी-३०२ ताई: सिनेमा संपल्यावर हॅलोजन दहा मिनिटं उशिरा लावा. त्या वेळी उत्तरेला सप्तर्षी उंच असतात. त्यांच्या शेपटीचा बाक तसाच पुढे नेला की तांबूस स्वाती आणि आणखी पुढे, आग्नेयेकडे, पांढरी चित्रा. पौर्णिमेचा चंद्र या महिन्यात हिच्याच आसपास येतो, म्हणून चैत्र. दुर्बीण नको.

सचिव, ए-३०१: ठरलं.
शुक्रवार: संध्याकाळपर्यंत गच्ची पुसून तयार.
शनिवार: पहाटे पाचपासून किल्ली बी-४०२ कडे. पश्चिम बाजू कुरडयांची, रात्री दार बंद.
रविवार: चार वाजता किल्ली सी-१०४ कडे. साडेसहाला पडदा आणि आवाजाची चाचणी, साडेसातला सिनेमा, दहाच्या आत स्पीकर बंद. खुर्च्या फक्त आजी-आजोबांना, बाकीच्यांनी सतरंज्या आणाव्यात.
सोमवार: सकाळी आठपासून पुन्हा बी-४०२, तिसऱ्या उन्हासाठी.
सिनेमाच्या वेळी ढग आले तर विजेची वायर आधी काढायची, मग बाकीचं. पुढच्या आठवड्यात साबुदाण्याच्या पापड्या कुणाच्या आहेत, त्यांनी वार कळवा.

बी-२०३ वहिनी: आमच्या, बुधवारी. त्यांना एकच ऊन पुरतं, संध्याकाळी उचलतो.