वस्तीतले वर्ग बंद करा, पोरं थेट मनपा शाळेत घाला

डोंगरपायथा: नवी मुंबईत दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत डोंगराकडेच्या झोपडपट्ट्यांमध्ये समाजमंदिरात नाहीतर पत्र्याच्या खोलीत कुणी ना कुणी संस्था वर्ग चालवतेच. हेतू चांगला, वाद नाही. पण आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायदा, १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, ६ ते १४ च्या प्रत्येक पोराचा शाळेवर हक्क आहे, मग हे दोन तासांचे वर्ग अजून कशाला? वर्गाला जातंय म्हटलं की आईबाप निवांत आणि पालिकाही निवांत. पटावर नाव नाही म्हणजे पोषण आहार नाही, गणवेश नाही, पुढे दाखला नाही. नुसती गाणी म्हणायला शिकतात.

नाक्यावरची: गाणी? कधी येऊन बसलायत का दादा? आमच्याकडे पोरी कडेवर धाकटं भावंड घेऊन येतात, कारण आई नाक्यावर कामाला गेलेली असते, त्या बाळाच्या हातात खडू दिला की ते अर्धा तास तोच चघळत बसतं आणि तेवढ्यात ताईचं वजाबाकीचं गणित होतं. हिला बाळासकट कुठली शाळा घेते सांगा. त्यात निम्मी कुटुंबं दिवाळीनंतर गावाकडून येतात, पाऊस लागला की परत.

डोंगरपायथा: वर्षात कधीही प्रवेश द्यायचा असं कायद्यातच आहे. वयाचा पुरावा नाही म्हणून नाकारता येत नाही, कलम १४.

नाक्यावरची: कलम पाठ आहे हो! शाळेत गेलं की "आधार आणा, ऑनलाइन नाव चढत नाही". आणि कलम ४ पण वाचा की. अकरा वर्षांचं पोर वयानुसार पाचवी-सहावीत बसवायचं आणि बरोबरीला यायला विशेष प्रशिक्षण द्यायचं, ३ महिने ते २ वर्षं. ६० च्या वर्गात ते कोण देतं?

कोपरीवाला: ठाण्यात तीन हात नाक्याच्या पुलाखालची, सिग्नलवरच्या पोरांसाठीची सिग्नल शाळा बघा ना, समर्थ भारत व्यासपीठ ही संस्था आणि ठाणे मनपा मिळून चालवतात, तिथली पोरं दहावी झालीत.

डोंगरपायथा: अहो तो तर माझाच मुद्दा झाला! तिथे पालिका सोबत आहे. ती शाळाच आहे, उपकाराचा वर्ग नाही.

कोपरीवाला: पण शाळा पोरांकडे आली ना राव, पोरं शाळेकडे नाही. नियमात पाचवीपर्यंतची शाळा १ किमीच्या आत, बरोबर, नकाशावर असेलही, पण मध्ये ठाणे-बेलापूर रोड आहे आणि त्यावर कंटेनर. सात वर्षांचं पोर एकटं सोडाल?

डोंगरपायथा: नाही सोडणार. म्हणून पालिकेकडे बस मागा, वर्ग नको. बरं, एक अट घाला, वर्गात आलेल्या पोराचं नाव महिन्याभरात जवळच्या मनपा शाळेच्या पटावर गेलंच पाहिजे. नाही गेलं तर वर्ग बंद.

नाक्यावरची: नाव घालायला आम्ही तयारच आहोत, शाळेने घ्यायला नको? त्यांनी नाही घेतलं तरी टाळं आमच्याच वर्गाला, वा! मग दुपारी ती पोरं कुठे बसवायची तेवढं लिहा.