बॅगवर झकास, स्पारिंगला मार खातात: अ‍ॅटॅक आणि डिफेन्सचा सराव कसा वाटायचा?

घंटा_वाजली (सिंहगड रोड, पुणे)

नमस्कार मंडळी. १७-१८ वयाच्या मुलांच्या एका छोट्या बॉक्सिंग बॅचबद्दल विचारायचंय. सगळ्यांचा वर्ष-दीड वर्षाचा सराव झालाय, वजनं ५४ ते ६७ किलो. आठवड्यातून पाच संध्याकाळी, दीड-दीड तास. क्रम असा: १० मिनिटं दोरी, ३ राउंड शॅडो (एकट्याने हवेत ठोसे), ६ राउंड बॅग, २ राउंड पॅड (दुसऱ्याने हातात धरलेल्या गाद्यांवर ठोसे). स्पारिंग, म्हणजे एकमेकांशी सरावाची लढत, शनिवारी.

बॅगवर कॉम्बिनेशन (सलग ठोशांची जुळणी) बघत राहावं अशी. रिंगमध्ये मात्र समोरच्याने दोन ठोसे परत दिले की निम्मी मुलं दोन्ही ग्लोव्ह तोंडावर घेऊन दोरीला टेकतात आणि बाकीची हात भिरकावत सुटतात. सोमवार अ‍ॅटॅकचा, मंगळवार डिफेन्सचा असं दिवस वाटून द्यावेत का? प्रमाण किती ठेवावं?

---

डावा_पाय_पुढे

दिवस वाटून देऊ नका. मुलांना दोन्ही गोष्टी येत असणार, त्यांचा सांधा तेवढा जुळलेला नाही. तो सांधा ठोसा लागल्यानंतरच्या अर्ध्या सेकंदात असतो, आणि बॅगवर नेमका तोच अर्धा सेकंद कुणी तपासत नाही, कारण बॅग उलटून मारत नाही. सहा राउंड बॅग म्हणजे सहा राउंड हात खाली सोडायचा सराव.

एका मुलाला बाजूने बघा, समोरून नको. जॅब (पुढच्या, डाव्या हाताचा सरळ ठोसा) खांद्याच्या रेषेत जातो, पण परत येताना छातीकडून वळसा घेऊन येतो. समोरच्याचा उजवा हात त्याच वाटेने वरून आत येतो. जॅब ज्या रेषेत गेला त्याच रेषेत गालापर्यंत परत यायला हवा आणि त्या वेळी डावा खांदा हनुवटीला लागलेला हवा. उजवा मारताना याच्या उलट: उजवी बाजू उघडी पडते, तिथे समोरच्याचा डावा हूक (कोपर वाकवून बाजूने येणारा ठोसा) बसतो. उजवा परत येईपर्यंत हनुवटी उजव्या खांद्याआड राहिली पाहिजे आणि डावा ग्लोव्ह गालावरून हलता कामा नये. हा डावा हात सगळ्यात जास्त घसरतो. शॅडोच्या एका राउंडला हनुवटीखाली टेनिसचा चेंडू धरायला लावा, तो कितव्या ठोशाला पडतो ते लगेच कळेल.

बॅगचे ६ राउंड ४ करा आणि एकच नियम ठेवा: कॉम्बिनेशन ठोशावर संपणार नाही. एक-दोन (जॅब आणि मागून उजवा) मारले की स्लिप (डोकं बाजूला घेऊन ठोसा चुकवणं), किंवा हूकखालून रोल (वाकून दुसऱ्या बाजूला निघणं), किंवा पुढच्या पायावर ४५ अंशांत वळून बाजूला. त्या नव्या जागेवरून लगेच एक जॅब. जो मारून तिथेच उभा राहील त्याचं ते कॉम्बिनेशन मोजायचं नाही.

वाचलेले २ राउंड पॅडला द्या. पॅड धरणाऱ्याने मुलाच्या एक-दोननंतर पॅडनेच डावा हूक फिरवायचा, हळू पण खरा. मुलाने तो अडवून किंवा खालून निघून दोन-तीन परत द्यायचे. हूक दर वेळी मात्र देऊ नका. चारांत दोनदा द्या, एकदा जॅब द्या, एकदा काहीच नको. ठरलेला हूक आला की मुलं पाठांतराने वाकतात. मग स्पारिंगमध्ये हूक आलेला नसतानाही वाकतात आणि अपरकट (खालून वर येणारा ठोसा) खातात.

---

पर्वती_पायऱ्या

बहुतेक पटलं, एका बाबतीत मत वेगळं आहे. जी मुलं दोरीला टेकतात त्यांना आधी दोन आठवडे फक्त डिफेन्सचे राउंड द्या. जोडी लावा: एक जण ३ मिनिटं फक्त जॅब मारेल, ताकद ३० टक्के, दुसरा मारणारच नाही. पहिल्या राउंडला फक्त उजव्या तळहातावर झेलायचं, दुसऱ्याला फक्त स्लिप, तिसऱ्याला फक्त पायांनी अंतर तोडायचं. परत मारायची मुभा तिसऱ्या आठवड्यापासून. ठोसा येताना दिसतो हा भरवसा बसल्याशिवाय काउंटर (उलट ठोसा) शिकवून उपयोग नाही.

स्लिपमध्ये डोकं फार फिरवतात तेही बघा. ग्लोव्ह कानाजवळून गेला की पुरे. वाकायचं गुडघ्यांतून, कमरेतून नाही. कमरेतून वाकलं की नजर जमिनीवर जाते, आणि डोकं समोरच्याच्या पट्ट्याखाली गेलं तर तो फाऊलच आहे.

---

पाच_जज

स्पर्धेच्या बाजूने एक भर घालतो. पाच जज प्रत्येक राउंडला गुण देतात, राउंड जिंकणाऱ्याला १० आणि हरणाऱ्याला बहुधा ९. ते बघतात स्वच्छ लागलेले दर्जेदार ठोसे, तंत्र आणि डावपेचांतला वरचष्मा, आणि लढायची तयारी. नुसतं सुंदर चुकवून राउंड मिळत नाही. ग्लोव्हवर अडवलेल्या ठोशाला गुण नसतो हे खरं, पण तीन अडवून एकही परत दिला नाही तर चाल समोरच्याची दिसते.

त्यामुळे मुलांना एक साधी सवय लावा: अडवलं की दोन सेकंदांच्या आत किमान जॅब परत गेलाच पाहिजे. युवा गटात ३ मिनिटांचे तीनच राउंड असतात. पहिला राउंड अंदाज घेण्यात घालवला तर उरलेले दोन्ही जिंकावे लागतात.

जागेचंही बघा. स्पर्धेचं रिंग दोरीच्या आत ६.१० मीटर बाय ६.१० मीटर असतं. छोट्या हॉलमध्ये चार मीटरचा चौकोन असेल तर मुलं दोरीला टेकणारच, आणि तो दोष डिफेन्सचा नाही. जमिनीवर खडूने पूर्ण मापाचा चौकोन आखून तिथे शॅडो करून घ्या.

---

घंटा_वाजली

तिघांचेही आभार. चौकोन साडेचार मीटरचाच आहे, हे डोक्यातच आलं नव्हतं. अजून एक: भिरकावणाऱ्यांत दोघांचे डोळे ठोसा येताना मिटतात. ते ओरडून सुधारत नाही.

---

डावा_पाय_पुढे

ओरडून सुधारणारही नाही, ती शरीराची आपोआप होणारी हालचाल आहे. जोडीदाराला समोर उभं करा. मुलाने गार्ड वर ठेवायचा, जोडीदाराने त्याच्या ग्लोव्हवर आणि कपाळावर हलक्या थापा द्यायच्या, एका मिनिटात तीस-चाळीस. मुलाची नजर समोरच्याच्या छातीवर हवी, ग्लोव्हवर नको, कारण खांदा हातापेक्षा आधी हलतो. प्रत्येक थापेला नाकाने छोटा श्वास सोडायचा. श्वास कोंडला की डोळे मिटतात आणि हनुवटी वर येते, तिन्ही गोष्टी एकदमच होतात. रोज एक राउंड, आणि त्या दोघांना तोवर पूर्ण स्पारिंग नको.

बाकीच्यांचं स्पारिंगही पायऱ्यांनी वाढवा. आधी दोघांनाही फक्त जॅब, मग एकाला जॅब आणि दुसऱ्याला सगळं, मग दोघांना सगळं पण ताकद अर्धी. ग्लोव्ह १६ औंसचे, हेडगार्ड आणि तोंडातलं गार्ड सक्तीचं. ५४ आणि ६७ किलोची जोडी लावू नका. लहान मुलगा मग फक्त झाकायला शिकतो.

---

पर्वती_पायऱ्या

आणि स्पारिंग शनिवारी ठेवू नका. चार दिवसांच्या कष्टानंतर पाय जड असतात, पाय थांबले की हात पडतात, आणि तुम्हाला दिसतो तो थकवा. बुधवारी ठेवा, मंगळवारी हलकं शॅडो आणि दोरी. सकाळी टेकडी किंवा पर्वती चढत असतील तर त्या दिवशी त्याला सुट्टी. चढणीने दम वाढतो, पण आडवं सरकणं आणि वळणं त्यातून येत नाही, त्यासाठी चौकोनातच वेळ द्यावा लागतो.

कुणाला स्पारिंगनंतर डोकं दुखलं, मळमळ झाली किंवा उजेडाचा त्रास झाला तर त्या दिवशीच सराव बंद आणि डॉक्टर. घरी पालकांनाही त्याच संध्याकाळी कळवा, कारण लक्षणं कधीकधी रात्री उशिरा दिसतात. डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय पॅडसुद्धा नाही.