विषय: केंद्राचा कायदा, पण पंचनामा कोणाचा?

मंडळींनो, नमस्कार.

अमेरिकेच्या सिटिझनशिपच्या परीक्षेची तयारी चालू आहे. पुस्तिकेत प्रश्न आहे, फेडरल सरकारचा एक अधिकार सांगा. उत्तर: नोटा छापणे, युद्ध पुकारणे, सैन्य उभारणे, तह करणे. पुढचा प्रश्न राज्यांचा: शाळा, पोलीस, ड्रायव्हिंग लायसन. पाठ झालं. पण नातू म्हणतो, दारू प्यायचं वय पन्नासही राज्यांत 21 आहे. हे ठरवलं कोणी? की ही वाटणी परीक्षेपुरतीच?

– नाना

---

नाना,

वय राज्यांनीच ठरवलं, फक्त मानगूट केंद्राच्या हातात होती. 1984 चा कायदा असा की जे राज्य 21 करणार नाही त्याच्या हायवेच्या पैशाला कात्री. साउथ डकोटा कोर्टात गेलं. 1987 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, 5 टक्केच तर कापताय, ही काही जबरदस्ती नव्हे. रस्ते कोणाला नको असतात? सगळे वठणीवर आले.

मला विचाराल तर ती वाटणी 1942 मध्येच मोडली, आणि तीसुद्धा आपल्या ओहायोत. डेटनजवळ रॉस्को फिलबर्न नावाचा शेतकरी होता. दूधदुभतं, कोंबड्या, थोडा गहू. गव्हाचे भाव पडू नयेत म्हणून केंद्राने प्रत्येकाला पेऱ्याची मर्यादा घातली होती. याच्या वाट्याला 11.1 एकर, याने पेरला 23. जास्तीचा गहू निघाला 239 बुशेल, दंड 117 डॉलर 11 सेंट. तो म्हणाला, हा गहू माझ्याच कोंबड्या खाणार, माझ्याच घरात दळला जाणार, केंद्राचा अधिकार राज्याराज्यांतल्या व्यापारावर, मग यात आंतरराज्य व्यापार आला कुठून? कोर्ट एकमताने म्हणालं, आला. तू घरचा खाल्लास म्हणजे बाजारातून घेतला नाहीस, आणि सगळेच असं वागले तर भावावर परिणाम होणारच.

आता या हिशोबाने माझ्या परसातली कढीपत्त्याची कुंडीसुद्धा आंतरराज्य व्यापार आहे. राज्यघटना शोकेसमध्ये छान दिसते, एवढंच.

– अपर्णा

---

सर्वांना विनंती: गणपतीच्या जेवणाची नावं अजून अर्धीसुद्धा आलेली नाहीत. चर्चा चालू द्या, पण नावंही कळवा.

– सेक्रेटरी

---

अपर्णाताई,

फिलबर्नपाशी थांबू नका. त्याच निकालाचा आधार घेऊन 2005 मध्ये कोर्टाने ठरवलं की कॅलिफोर्नियातल्या एका आजारी बाईने औषध म्हणून घरी लावलेली गांजाची सहा झाडंसुद्धा केंद्राच्या कक्षेत येतात. म्हणजे कागदावर तुम्ही पूर्ण जिंकलात. आता बाहेर बघा. फेडरल कायद्याने गांजा अजून बेकायदा आहे, आणि ओहायोत 2023 च्या मतदानानंतर तो दुकानात मिळतो. कारण 1997 चा निकाल. बंदूक विकत घेणाऱ्याची चौकशी स्थानिक शेरीफने, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाने करावी, असा हुकूम केंद्राने सोडला होता. माँटाना आणि ॲरिझोनातले दोन शेरीफ भांडले आणि 5 विरुद्ध 4 ने जिंकले. कायदा तुमचा, तर माणसंही तुमची आणा. तेवढी माणसं केंद्राकडे नाहीत.

पैशाच्या दाबालाही हद्द निघाली. मेडिकेड (गरिबांची सरकारी आरोग्ययोजना) वाढवा नाहीतर आधीचाही सगळा पैसा बंद, असं केंद्राने राज्यांना म्हटल्यावर 2012 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायाधीशांनी ती जबरदस्ती ठरवली, डोक्याला बंदूक लावण्यासारखी.

– केदार

---

केदार,

तुझं पत्र वाचून रात्री झोप नाही. मी यवतमाळला नायब तहसीलदार होतो. कायदा दिल्लीचा असो की मुंबईचा, पंचनामा आमचा तलाठीच करायचा. ‘माणसं तुमची आणा’ असं आम्ही दिल्लीला म्हणू शकत नव्हतो. भारताच्या घटनेच्या कलम 256 मध्ये लिहूनच ठेवलंय, संसदेचे कायदे पाळले जातील असाच राज्याने कारभार करायचा. केंद्राचे निर्देश मानले नाहीत तर कलम 365, म्हणजे राष्ट्रपती राजवटीचं दार उघडं. इथे शेरीफला जे कोर्टाने दिलं, ते आपल्याकडे मुळातच नाही.

थोडीफार फट सीबीआयच्या बाबतीत आहे, कारण ती 1946 च्या कायद्यावर चालते आणि त्यात राज्याची संमती लागते. महाराष्ट्राने ती ऑक्टोबर 2020 मध्ये काढून घेतली, सरकार बदललं, 2022 मध्ये परत दिली. ईडीला मात्र विचारावं लागत नाही.

अपर्णा, तुझा फिलबर्न आम्हीही पाहिला. शेती राज्याच्या सूचीत, पण अन्नधान्याचा व्यापार समवर्ती, म्हणजे केंद्र-राज्य दोघांच्या सूचीत 33 व्या नोंदीला. त्याच नोंदीवरून 2020 चे तीन शेती कायदे आले. कोर्टाने जानेवारी 2021 मध्ये स्थगिती दिली, पण संसदेला तो अधिकार होता का याचा निकाल लागलाच नाही. शेतकरी वर्षभर दिल्लीच्या वेशीवर बसले आणि नोव्हेंबरात कायदे मागे गेले.

पण राज्य म्हणजे शेतकऱ्याचा कैवारी असंही समजू नका. 1972 पासूनची कापूस एकाधिकार खरेदी, म्हणजे कापूस फक्त सरकारलाच विकायचा, ही केंद्राची नव्हती, महाराष्ट्र सरकारचीच. राज्याच्या हद्दीपलीकडे, आदिलाबादकडे रात्री जाणारा कापूस अडवायला नाक्यावर मीही उभा राहिलोय. घरचाच माल होता बिचाऱ्यांचा.

असो. परीक्षेत राज्यांचा अधिकार विचारला तर ‘पोलीस’ सांगतो. आमची दोन नावं जेवणाला लिहा, कांदा-लसूण नको.

– नाना