वसाहत, वस्ती की अजून काही? (बेल्जियन लोकांचं देशांतर)

बोरू: बेल्जियममधून बाहेरदेशी गेलेल्या लोकांवर लेख लिहितोय. अमेरिकेतलं विस्कॉन्सिन, मध्य अमेरिकेतलं ग्वाटेमाला, आफ्रिकेतलं काँगो, तिन्हीकडे संपादनात 'वसाहत' हाच शब्द झालाय आणि मला ते अजिबात पटत नाहीये. तुम्ही काय वापरता?

रानवाट: पटू नयेच. काँगो 1885 पासून लिओपोल्ड दुसरा ह्या बेल्जियन राजाची खाजगी जहागीर होती, रबरासाठी लोकांवर झालेला जुलूम जगजाहीर आहे, 1908 ला ती बेल्जियन सरकारकडे गेली. तिथे वसाहतच लिहायचं, सौम्य करायचं नाही. पण विस्कॉन्सिनला गेले ते दक्षिण बेल्जियममधल्या वालून भागातले लहान शेतकरी हो. 1853 च्या मे महिन्यात तिथल्या ग्रे-द्वासो गावाकडची दहा कुटुंबं अँटवर्पहून जहाजात बसली, विस्कॉन्सिनमधल्या ग्रीन बे गावाच्या ईशान्येला जंगलात स्वस्त सरकारी जमीन मिळाली, मग झाडं तोडायची, छपराच्या लाकडी फळ्या हाताने तासून विकायच्या, तेवढाच रोख पैसा, आणि मोकळी झालेली जागा नांगरायची. मागून हजारो आले, गावांना नामूर, ब्रसेल्स अशी माहेरची नावं पडली. 8 ऑक्टोबर 1871 ला पेश्टिगो गावाकडचा वणवा इथेही पोचला, लाकडी घरं राख झाली, तरी पुष्कळांनी तिथेच विटांची घरं बांधली, मागे उन्हाळ्यातलं वेगळं स्वैपाकघर आणि त्याला चिकटून पाव भाजायची भट्टी, त्यातल्या काही आजही उभ्या आहेत. ह्याला 'वस्ती' म्हणा. शेतावर बिऱ्हाड टाकून राहणाऱ्यांना आपण वस्तीवरचेच म्हणतो ना.

काजवा: वस्ती शब्द गोड आहे म्हणूनच मला भीती वाटते. ते रान कुणाचं नव्हतं असं वाचणाऱ्याला वाटेल. ग्रीन बेची खाडी आणि मिशिगन सरोवर ह्यांच्या मधली ती जमीन मेनॉमिनी ह्या तिथल्या मूळ रहिवासी लोकांकडून अमेरिकन सरकारने 1831 च्या कराराने घेतली होती, बेल्जियन आले ते त्यानंतर वीसेक वर्षांनी. शेतकरी गरीब होते हे खरंय, पण स्वस्त जमीन कुठून आली तेही खरंय. वस्ती लिहा पण हे वाक्य जोडल्याशिवाय नको.

बोरू: जोडतो, हे पाहिजेच. आणि ग्वाटेमाला? तिथे राज्य बेल्जियमचं नव्हतं, पण साधी वस्तीही नव्हती.

रानवाट: तिथे कंपनीच्या नावातच उत्तर आहे. बेल्जियन वसाहत कंपनी, लिओपोल्ड पहिल्याचा पाठिंबा, सांतो तोमास बंदराजवळची जमीन ग्वाटेमाला सरकारकडून मिळवलेली. 1843 पासून माणसं उतरायला लागली आणि तापाने पटापट मेली, दहाएक वर्षांत सगळं गुंडाळलं. 'वसाहतीचा फसलेला प्रयत्न' लिहा, प्रयत्न हा शब्द गाळू नका.

काजवा: 1914 चं पहिलं महायुद्धही लेखात घेणार असाल तर तिथे ह्यातलं काहीच नको, निर्वासित. जर्मन सैन्य घुसल्यावर अडीच लाखांच्या आसपास बेल्जियन ब्रिटनला गेले. न्यूकॅसलजवळ बर्टलीला तोफगोळ्यांच्या कारखान्यात काम करणाऱ्या बेल्जियनांसाठी एलिझाबेथव्हिल नावाचं गावच उभारलं होतं, कुंपणाच्या आत, पोलीसही बेल्जियन. त्याला 'कामगार वसाहत' म्हणायचा मोह होईल, आपल्याकडे तो शब्द सरसकट चालतो, पण ह्याच लेखात वर काँगोची वसाहत असेल तर गोंधळ होणार. 'निर्वासितांचं गाव' बरं. युद्ध संपल्यावर बहुतेक सगळे परतलेसुद्धा.