नुसता स्टार्टर काढून भागत नाही

'स्टार्टर काढा, जुन्याच पट्टीत एलईडी ट्यूब बसवा' असं जुन्या ट्यूबलाइटच्या जागी एलईडी लावताना सांगितलं जातं, ते दोन्ही टोकांना सप्लाय लागणाऱ्या ट्यूबपुरतंच खरं. एकाच टोकाला सप्लाय लागणाऱ्या ट्यूबला चोक (पट्टीतली करंट आवरणारी जड कॉइल), स्टार्टर दोन्ही काढून फेज (करंटची तार) आणि न्यूट्रल (परतीची तार) एकाच होल्डरच्या दोन पिनांना द्यावे लागतात. अशा बऱ्याच ट्यूबांच्या दुसऱ्या टोकाच्या पिना आतून जोडलेल्या असतात, म्हणून उलटी बसवली की थेट शॉर्ट! ट्यूब हातात असतानाच मल्टिमीटर बीपवर (जोड असला की वाजतो) ठेवून प्रत्येक टोकाच्या दोन पिना तपासा: एकाच टोकाला बीप आला तर सप्लाय दुसऱ्या टोकाला. तरी ट्यूबवर छापलेली आकृती अंतिम माना आणि सप्लायच्या होल्डरवर मार्करने खूण करा. दोन टोकांच्या ट्यूबलाही चोक काढलेलाच बरा; जुन्या ३६ वॅटच्या साध्या ट्यूबमागे तो एकटाच साधारण १० वॅट खायचा, एलईडीमागे करंट कमी असल्याने त्याहून बराच कमी खातो.

बटण बंद करूनही रात्री ट्यूब मंद उजळत असेल तर बहुधा बटण फेजऐवजी न्यूट्रलच्या तारेवर आहे. हे धोक्याचं, कारण बटण बंद असूनही होल्डरवर फेज असतो. सांगलीत कृष्णाकाठी पुराचं पाणी शिरलेल्या घरांत होल्डरच्या पितळी पत्त्या हिरव्या पडलेल्या असतील, तर नवे होल्डरच घाला. घासून वापरू नका, सैल पत्ती तापून प्लास्टिक वितळतं. मेन बंद करूनच हात घाला.