चाळिशीनंतरची मारी ड्रेसलर

असं म्हणतात की जुन्या हॉलिवूडमध्ये चाळिशी उलटलेल्या बाईला आई नाहीतर मोलकरीण, एवढंच मिळायचं. बहुतेकींच्या बाबतीत खरंय, पण मारी ड्रेसलरला विसरू नका. मूळची कॅनडाची, रंगभूमीवर नावाजलेली. १९१४ साली 'टिलीज पंक्चर्ड रोमान्स'मध्ये चॅप्लिन होता, पण नायिका हीच! पुढे १९२०च्या दशकात कामच मिळेना. पटकथाकार फ्रान्सेस मॅरियनने तिच्यासाठी भूमिका लिहून तिला परत आणलं. १९३०च्या 'अ‍ॅना ख्रिस्टी'त बडी तारका ग्रेटा गार्बोसमोर दारुडी म्हातारी झाली आणि लगेच 'मिन अँड बिल'साठी ऑस्कर. तेव्हा वय त्रेसष्ट, अंगाने धिप्पाड, चेहरा सुरकुतलेला. तरी तिकीटबारीवर १९३२-३३मध्ये तीच पहिली.

तिच्या १९३३च्या 'डिनर अ‍ॅट एट' सिनेमाचा शेवट जरूर बघा. त्यातली तरुण नटी जीन हार्लो तिला सहज सांगते, परवा मी एक पुस्तक वाचत होते. चालता चालता ड्रेसलर अशी काही दचकते की सगळं शरीर गचका खाऊन थांबतं. संवाद नंतर येतो, हसू त्याआधीच फुटतं. मी तेवढाच तुकडा चार वेळा मागे नेऊन पाहिलाय. पुढच्याच वर्षी, १९३४ला, ती कॅन्सरने गेली.