थर्ड बेसला खेळणाऱ्या मुलीसाठी फेस मास्क घ्यावा का?

अनघा_सांगली

माझी लेक आठवीत आहे. शाळेच्या सॉफ्टबॉल संघात थर्ड बेसला (धावताना गाठायच्या तिसऱ्या तळावर) खेळते, चष्मा आहे तिला. परवा सरावात तिच्या शेजारी शॉर्टस्टॉपला (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधल्या जागी) उभ्या असलेल्या मुलीच्या गालावर बॉल बसला. साधा ग्राउंडर होता, म्हणजे जमिनीलगत येणारा बॉल. ती व्यवस्थित खाली वाकली होती, ग्लोव्हज जमिनीला टेकलेला होता, पण मुरमातल्या खड्याला लागून बॉल ऐन वेळी उसळला. तिचा डोळा सुजून पार मिटला. हाड शाबूत राहिलं, एवढंच नशीब. तेव्हापासून मला चैन नाही.

कॅचरला मास्क असतो, बॅटरला हेल्मेट असतं. मग होम प्लेटच्या (बॅटर उभी राहते त्या जागेच्या) इतक्या जवळ उभ्या राहणाऱ्या बाकीच्या पोरींना काहीच का नाही? नेटवर फिल्डरसाठीचे मास्क पाहिले, पण सांगलीत दोन दुकानांत विचारलं तर कॅचरचाच मास्क पुढे करतात. सरांचं म्हणणं असं की मास्कने बॉल नीट दिसत नाही आणि पोरी भित्र्या होतात. सर जीव तोडून शिकवतात, त्यांना दुखवायचं नाही. पण पोरीचा चेहराही महत्त्वाचा आहे.

घ्यावा का? घेतला तर कसला? अंपायर चालवून घेतात का? आणि भाच्याचं क्रिकेटचं हेल्मेट घरात पडून आहे, तेच घालून भागेल का? जिल्हा स्पर्धा जवळ आल्या आहेत, त्यामुळे जरा लवकर सांगा.

साताऱ्याची_शॉर्टस्टॉप

अनघाताई, मास्क घ्या. आधी उत्तर दिलं, आता कारणं सांगते.

मी साताऱ्यात मुलींना सॉफ्टबॉल शिकवते, स्वतः विद्यापीठापर्यंत खेळले आहे. आमच्याकडे पिचर (बॉल टाकणारी), फर्स्ट आणि थर्ड बेसची या तिघी मास्कशिवाय मैदानात उतरत नाहीत. सरावातही नाही, कारण सगळ्यात जास्त बॉल सरावातच अंगावर येतात.

हिशोब करून बघा. बेस होम प्लेटपासून १८.२९ मीटरवर असतो, पण थर्ड बेसची मुलगी बेसला चिकटून कुठे उभी असते? बंट मारणारी (बॅट नुसती आडवी धरून बॉल जवळच टाकणारी) बॅटर समोर आली की ती पुढे सरकते, आणि मध्ये बारा-तेरा मीटरच उरतात. स्लगरवरून (सॉफ्टबॉलच्या बॅटवरून) ताशी ९० किलोमीटर वेगाने सुटलेला बॉल सेकंदाला २५ मीटर जातो. म्हणजे तिच्या हातात जेमतेम अर्धा सेकंद. त्यात बॉल ओळखायचा, ग्लोव्हज वर आणायचा. पिचरची अवस्था याहून अवघड. महिलांच्या खेळात पिचिंग प्लेट १३.११ मीटरवर असते, लहान वयोगटांत त्याहूनही जवळ ठेवतात. बॉल सोडताना ती मोठं पाऊल पुढे टाकते, आणि अंग सावरायच्या आत बॉल परत तिच्याच दिशेने येऊ शकतो. शिवाय १२ इंची बॉलचं वजन १७८ ते १९८ ग्रॅम, क्रिकेटच्या बॉलपेक्षा जास्त.

चपळ मुलीला मास्क लागत नाही असं कुणी म्हणालं तर त्यांना २०२१ ची टोकियो ऑलिंपिकची फायनल दाखवा. सहाव्या इनिंगमध्ये अमेरिकेच्या चिडेस्टरचा लाइन ड्राइव्ह (टप्पा न पडता सरळ जाणारा फटका) थेट जपानच्या थर्ड बेसच्या यू यामामोतोच्या मनगटावर आदळला. उडालेला बॉल शॉर्टस्टॉप माना आत्सुमीने जमिनीला लागू न देता पकडला आणि सेकंड बेसला फेकून डबल प्ले केला, म्हणजे एकाच बॉलवर दोघी बाद. जपान २-० ने जिंकलं. जगातल्या सर्वोत्तम थर्ड बेसपैकी एकीलाही तो बॉल ग्लोव्हजमध्ये घेता आला नाही. मनगटाऐवजी तो चेहऱ्यावर असता तर?

आता मास्क कसला घ्यायचा. फिल्डरच्या मास्कचे दोन प्रकार मिळतात, स्टीलच्या जाळीचा आणि पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा. मी जाळीचाच घेते. आपल्याकडच्या उन्हात पारदर्शक मास्कवर आतून वाफ धरते, धुळीने ओरखडे पडतात, आणि तुमच्या मुलीला तर आधीच चष्म्याची काच आहे. पारदर्शक घेतलाच तर थिनर किंवा पेट्रोलने कधी पुसू नका, त्याने पॉलिकार्बोनेटला बारीक तडे जातात. साबणाचं पाणी पुरे. कॅचरचा मास्क मात्र घेऊ नका, तो जड असतो आणि धावताना हलतो.

दुकानात नुसता चेहऱ्याला लावून बघू नका. मुलीला सरळ उभी करा, बॉल तिच्या पायांच्या मध्ये ठेवा आणि मान न हलवता फक्त नजर खाली करायला सांगा. खालची पट्टी आड येऊन बॉल दिसेनासा झाला तर तो मास्क ग्राउंडरला उपयोगाचा नाही. मग तिला उड्या मारायला लावा, मान झटकायला लावा. मास्कचा भार कपाळावर आणि हनुवटीवर यायला हवा. नाक आणि गालाची हाडं त्याला टेकता कामा नयेत, कारण बॉल बसला की मास्क आत दाबला जातो, तेवढी पोकळी राहायला हवी. दोन वेण्या असतील तर मागचा वरचा पट्टा वेण्यांच्या वरून आणि खालचा त्यांच्या खालून घ्या, नाहीतर दुसऱ्याच इनिंगला मास्क नाकावर येतो. मापाला जाताना वेण्या घालूनच न्या.

चष्म्याचं वेगळं सांगते. घरातला रोजचा चष्मा मास्कच्या आतसुद्धा नको. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून नंबर घेऊन पॉलिकार्बोनेट काचांचा, मागे पट्टा असलेला खेळाचा चष्मा करून घ्या. मास्कची निवड त्या चष्म्यासकट करा.

भाच्याचं हेल्मेट राहू द्या. जाळीतून सॉफ्टबॉल आत जाणार नाही हे खरं, बॉलच जवळपास पावणेदहा सेंटिमीटर जाडीचा आहे. पण पुढचा छज्जा उंच उडालेला बॉल झाकतो, आणि खाली वाकलं की सगळं वजन पुढे येतं. बॅटिंगला थांबणाऱ्यासाठी केलेली वस्तू आहे ती, पळत फिल्डिंग करणाऱ्यासाठी नव्हे.

अंपायरची काळजी नको. नियमांत फिल्डरला मास्कची मुभा आहे. तडा गेलेला, वाकलेला किंवा आतला स्पंज निघालेला मास्क तेवढा काढायला लावतात. अमेरिकेच्या शालेय खेळातही फिल्डरला परवानगी आहे. तरी सामन्याआधी सरांनी अंपायरला दाखवून ठेवावा, म्हणजे ऐन वेळी वाद नको.

राहिला भीतीचा मुद्दा. सरांना माझ्यातर्फे एवढंच सांगा की घाबरलेली मुलगी बॉल येताना मान वळवते. मान वळली की ग्लोव्हज चुकतो आणि बॉल कानशिलावर बसतो. मास्क लावलेली मुलगी तोंड बॉलसमोर ठेवते, तेच तर आपण तिला शिकवत असतो. पहिले काही दिवस टेनिस बॉलवर ग्राउंडर द्या, जाळीच्या तारांतून बघायची सवय लवकर होते.

बाबा_कराड

ताईंचं बरंचसं पटलं, एक शंका मात्र आहे. माझा मुलगा चौदा वर्षांखालील संघात आहे. मास्क मिळाल्यापासून तो बॉलच्या फार जवळ जायला लागला आहे, ग्लोव्हजआधी छाती आणि तोंड पुढे. काही होणार नाही असं त्याला वाटतं. याचं काय करायचं? आणि मैदानाकडे कुणी लक्ष देणार आहे की नाही? आमच्या इथे इनफिल्डमध्ये (चारही बेसच्या मधल्या जागेत) लिंबाएवढे खडे असतात.

साताऱ्याची_शॉर्टस्टॉप

दादा, शंका रास्त आहे. मास्क चेहरा वाचवतो, डोकं नाही. कानशील, डोक्याची मागची बाजू उघडीच असते, आणि जोरात बॉल बसला तर मेंदूला बसणारा हादरा जाळीने थांबत नाही. हे मुलाला स्पष्ट सांगा, घाबरवण्यासाठी नाही, माहीत असावं म्हणून. सरावात त्याची ग्लोव्हज आधी, तोंड मागे ही सवय पुन्हा घोटून घ्या. मास्क आहे म्हणून हळू बॉल देणं किंवा जास्त जवळून मारणं, दोन्ही नको.

मैदानासाठी तर मी रोज भांडते. आमच्याकडे सराव सुरू व्हायच्या आधी सगळ्या मुली इनफिल्डमध्ये खांद्याला खांदा लावून चालत खडे वेचतात, मग पाणी मारून जड फळी ओढतो. मुरूम दबला की टप्पा सरळ येतो. अनघाताईंच्या इथल्या त्या मुलीला लागलं ते बॅटरच्या जोराने नाही, एका खड्यामुळे. मास्क आणि मैदान दोन्ही लागतं, एकावर भागत नाही.

दंतवैद्य_मिरज

माझ्याकडे खेळात दात तुटलेली मुलं येतात, म्हणून दोन गोष्टी. मास्कच्या आत माउथगार्ड लावा. गरम पाण्यात मऊ करून दातांवर दाबून घ्यायचे साधे मिळतात. हनुवटीला फटका बसला की खालचे दात वरच्यांवर आपटतात, ते जाळी अडवत नाही. आठवीच्या वयात दात अजून सरकत असतात, त्यामुळे दर हंगामाला बसतो का ते तपासा. ब्रेसेस असतील तर आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा.

कायमचा दात मुळासकट पडलाच तर तो वरच्या पांढऱ्या भागाने उचला, मूळ चोळू नका. माती असेल तर पाण्याखाली जराच धुवा, जमलं तर तिथल्या तिथे खाचेत बसवा, नाहीतर थंड दुधात घालून अर्ध्या तासाच्या आत दवाखाना गाठा. क्रीडाशिक्षकांच्या पेटीत स्वच्छ डबी असावी, दूध जवळच्या टपरीवर मिळतं.

गालावर बॉल बसल्यावर दोन-दोन दिसणं, डोळा वर न फिरणं किंवा गाल-ओठ बधिर होणं यापैकी काहीही असेल तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा आणि तोवर मुलीला नाक शिंकरू देऊ नका. अनघाताई, तुमच्या लेकीशेजारी खेळताना लागलेल्या त्या मुलीला यातलं काही आहे का, कृपया विचारून घ्या. सूज उतरली म्हणजे झालं असं नसतं.

अनघा_सांगली

सगळ्यांचे आभार. त्या मुलीच्या आईला लगेच फोन केला. वरच्या ओठाच्या एका बाजूला अजून बधिर लागतंय म्हणाली, घरच्यांना ते सुजेमुळे वाटत होतं. उद्या सकाळी मिरजेला घेऊन जाताहेत.

सरांना ताईंचं मान वळवण्याबद्दलचं वाचून दाखवलं. ते जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, एक मास्क आणा, आधी मी पिचरला लावून बघतो. आता अडचण अशी की माझी लेक म्हणते, मी एकटीच घालणार नाही, सगळ्या हसतील. पालकांची वर्गणी काढून तीन घ्यावेत का? आणि तीन घेतले तर मापाचं काय, पुढच्या वर्षी दुसऱ्या मुली येतील.

साताऱ्याची_शॉर्टस्टॉप

तीन घ्या, संघाच्या नावावर. पट्टे मागेपुढे होणारे असतात, त्यामुळे एक लहान आणि दोन मोठ्या मापाचे घेतले की बहुतेक मुलींना बसतात. आतले स्पंज वेगळे मिळत असतील तर जादाची जोडी मागवा, घामाने तेच आधी खराब होतात. प्रत्येक सरावानंतर ते काढून सावलीत वाळवा. आणि पहिल्या दिवशी मास्क तुमच्या लेकीला नको, संघातल्या सगळ्यात दादा मुलीला घाला. उरलेले दोन दुसऱ्या मुली स्वतःहून मागतील. शनिवारी सरावाला साताऱ्याला आलात तर आमच्याकडचे दोन्ही मापांचे लावून बघता येतील, खेळाचा चष्मा झाला असेल तर तो घेऊन या.